बुणग्यांचा हिशेब

मराठेशाहीच्या इतिहासात घोड्यांना नावं आहेत, हत्तींना आहेत, तोफांनाही आहेत. आमच्या जमातीला मात्र सरसकट एकच नाव मिळालं: बुणगे. लढत नाहीत पण सोबत असतात, खातात, वाटेत आजारी पडतात आणि सामान फार आणतात, ते बुणगे. मी गेली चौदा वर्षं बुणगा आहे. नवरा लष्करात, बॉम्बे सॅपर्समध्ये. मागे मी, दोन मुलं, चौतीस काळ्या पेट्या, एक फ्रिज आणि सात गावांच्या खिडक्यांचे पडदे.

आधीच्या सहा बदल्या परक्या गावांतून निघाल्या. तिथे सल्ला द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्या दहा-दहा दिवसांत उरकल्या. सातवी मात्र २०२२ च्या मे महिन्यात पुण्यात दापोडीच्या सीएमईतून (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातून) निघाली, म्हणजे माहेरापासून रिक्षाच्या अंतरावरून. जायचं होतं बिन्नागुडीला. उत्तर बंगाल, जलपायगुडी जिल्हा, चहाचे मळे आणि अधूनमधून रस्त्यात हत्ती. आईने विचारलं, "तिथे गोडा मसाला मिळतो का गं?" आप्पांनी विचारलं, "भाडं कोण देतं?"

आप्पा लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. म्हणजे नोकरीतून झाले; लेख्यातून नाहीत.

नवऱ्याने त्यांना तेव्हाचे नियम समजावून सांगितले. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, अधिकाऱ्याला बदलीवर सहा हजार किलोपर्यंत सामान नेता येत होतं आणि रस्त्याने नेलं तर किलोमीटरमागे ५० रुपयांपर्यंत भाडं मिळत होतं. हवालदाराला तीन हजार किलो आणि २५ रुपये, त्याखालच्यांना दीड हजार किलो आणि १५ रुपये. कुटुंबाचं रेल्वेचं तिकीट सरकारचं. शिवाय एक मोटार किंवा एक स्कूटर. आप्पांनी 'किंवा'खाली रेघ मारली. मग आला बदली अनुदानाचा मुद्दा: मूळ पगाराच्या ८० टक्के, एकरकमी. मेजरचा मूळ पगार ६९,४०० पासून सुरू होतो, त्याचे ८० टक्के ५५,५२०. जावयाची पायरी त्याच्या बरीच वर होती, पण आप्पांनी सुरुवातीचाच आकडा धरला. जमेची बाजू नेहमी कमी धरावी, असं त्यांचं शास्त्र आहे.

"याच्या पावत्या कुठे द्यायच्या?"

"या रकमेच्या पावत्या लागत नाहीत, आप्पा."

आप्पा गप्प झाले. पावतीशिवाय सरकार पैसे देतं हे त्यांना कुणीतरी घरात जोडे घालून फिरावं तसं लागलं. दुसऱ्या दिवशी ते अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर लिहिलं, 'बदली. जमा ५५,५२०.' आणि खाली खर्चाची पहिली ओळ: 'वही १'.

त्या वहीतून माझी पुढच्या सहा आठवड्यांत सुटका झाली नाही.

पहिली ठिणगी सहा हजार किलोवरून पडली. आमचं सामान पेट्या धरून फार तर अडीच हजार किलो होईल, असा नवऱ्याचा अंदाज. आप्पांना हे पटेना. "सहा हजारांचा हक्क आहे आणि तुम्ही अडीचच नेता? साडेतीन हजार किलो वाया?" मी सांगून पाहिलं की तो हक्क आहे, उद्दिष्ट नव्हे. पण आमच्या घरात बुफेला गेल्यावरही हाच नियम असतो.

त्या रविवारी माळा उतरवला गेला. पितळेचं घंगाळ, आजीचं बिजागरी तुटलेलं शिसवी कपाट, पाच मापांची पातेली, 'मुलांना उपयोगी पडेल' म्हणून विश्वकोशाचे काही खंड आणि पाटा-वरवंटा. पाटा-वरवंटा! मी मिक्सर वापरते. आई म्हणाली, "तिकडे लाइट जाते म्हणतात." लष्करी वसाहतीत जनरेटर असतो हे सांगायच्या आत पाट्याला गोणपाटात गुंडाळून झालं होतं. "एरवी कुरियरने पाठवला असता तर केवढे लागले असते माहितीये?" आप्पांनी विचारलं. कुरियरने पाटा पाठवायचा विचार आजवर कुणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही, पण त्यांनी वहीत वेगळं सदर उघडलं: 'वाचलेले'.

आता याच आप्पांची दुसरी बाजू सांगते. दर संक्रांतीला, हातात तिळगूळ ठेवतानाच, ते पानिपत सांगतात. १४ जानेवारी १७६१ हा दिवस आमच्याकडे हलव्याच्या दागिन्यांबरोबरच येतो. आणि चाळीस वर्षं मी त्यांच्याकडून एकच निदान ऐकत आले आहे: पानिपत बुणग्यांनी बुडवलं. शिवाजी महाराजांचा नियम किती स्वच्छ होता. मोहिमेवर बायका न्यायच्याच नाहीत, सभासदाने बखरीत लिहून ठेवलंय. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला बाहेर, घरसामान हलवायचा खर्च शून्य. आणि १७६० साली भाऊसाहेब निघाले ते पार्वतीबाईंना घेऊन. नाना फडणीस निघाले ते आईला आणि बायकोला घेऊन. उत्तरेत फुकट संरक्षणात तीर्थयात्रा होते म्हणून हजारो यात्रेकरू मागे लागले. (हे पुण्यातलेच असणार, असं माझं मत आहे.) सूरजमल जाटाने समजावलं, होळकरांनी समजावलं: जड सामान आणि बायकामुलं मागे किल्ल्यात ठेवा, सडे व्हा. भाऊसाहेबांनी ऐकलं नाही. दिल्लीत पोचेपर्यंत पैसा संपला आणि दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. पुढचं पुण्यात कुणाला सांगायला नको.

तर हे सगळं ज्यांच्या तोंडून ऐकलं, तेच आप्पा माझ्या छावणीत घंगाळ चढवत होते. नवरा हळूच म्हणाला, "आप्पा, सूरजमल काय म्हणाला होता?" आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊसाहेबांना किलोमीटरमागे पन्नास रुपये मिळत नव्हते."

वाहतूकवाल्याशी घासाघीस करायचं काम मी मागून घेतलं. हे मला येतं. तुळशीबागेत वाढलेल्या मुलीला जे येतं ते कुठल्याही स्टाफ कॉलेजात शिकवत नाहीत. तिघांना बोलावलं. पहिल्याने एक लाख पंचवीस हजार सांगितले आणि घंगाळाकडे बघून पाच वाढवले. दुसऱ्याला मी पहिल्याचा आकडा खोटा सांगितला, तिसऱ्याला दुसऱ्याचा. चहा तीनदा झाला. दोनदा मी 'राहू द्या' म्हणून दारापर्यंत सोडायला गेले आणि दोनदा ते चपला काढून परत आत आले. शेवटी तिसरा शहाण्णव हजारांवर आला. जिंकले. रात्री जेवताना सगळ्यांसमोर आकडा जाहीर केला.

नवरा वरण कालवत म्हणाला, "छान. पण मर्यादा लाखाच्या वर आहे. नुसते दोन हजार किलोमीटर धरले तरी लाख होतात, आणि बिन्नागुडी त्याच्याही पुढे आहे."

"मग उरलेले आपले ना?"

"नाही. प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा, यांपैकी जे कमी असेल ते मिळतं."

जेवणं थांबली. लाखाचीच मर्यादा धरली, तर तिथपर्यंत मी जे ओढून आणलं ते आमचं. त्याखालचे चार हजार, ज्यांच्यासाठी माझा घसा बसला आणि अर्धा लिटर दूध जास्त लागलं, ते मी भारत सरकारला वाचवून दिले होते. मी उठून त्या माणसाला फोन करून चार हजार वाढवून द्यावेत काय, असा एक विचार मनात येऊन गेला. आप्पांनी मात्र भातावरचा हात थांबवून मान डोलावली. "यांपैकी जे कमी असेल ते." हे वाक्य ज्याने लिहिलं तो माणूस पुण्याचाच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. वहीत त्यांनी सदर केलं, 'राष्ट्रास ४,०००', आणि दुधाचे पैसे खर्चात घातले.

पॅकिंग आम्ही स्वतः करतो. सगळे फौजी करतात असं नाही. पण ज्यांनी करू दिलं आहे आणि मग कुकरची शिटी अकरा महिन्यांनी मुलांच्या स्वेटरच्या बाहीत सापडली आहे, ते पुढच्या वेळी स्वतः करतात. काळ्या पत्र्याची पेटी हा आमच्याकडचा खरा वारसा. वरती पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, कुठून, कुठे, आणि एकूण चौतीसपैकी कितवी. दर बदलीला जुन्या अक्षरांवर काळा हात मारायचा आणि नवी काढायची. पण रंग पातळ निघाला की खालची गावं वर येतात. आमच्या नऊ नंबरवर सकाळच्या उन्हात तिरकं पाहिलं तर 'बिन्नागुडी'खाली 'जोधपूर' आणि त्याखाली 'झाशी' वाचता येतं. घरात पाहुणे ज्याला दिवाण समजतात ते म्हणजे यांतल्या चार पेट्या, वर गादी आणि वर बहिणीने दिलेली सोलापुरी चादर. त्यामुळे पॅकिंगला सुरुवात झाली की आधी बसायची जागा जाते.

काचेच्या सामानाला आजकाल फुग्यांचा प्लॅस्टिक कागद मिळतो. आप्पांनी त्याचा मीटरचा भाव विचारला आणि दुकानदाराला 'बरं आहे, चालू द्या तुमचं' म्हणून परत आले. आमच्याकडे गोधड्या आहेत, साड्या आहेत, आणि मुख्य म्हणजे सकाळची रद्दी आहे. ताटल्यांमध्ये टॉवेल, पेल्यांमध्ये मोजे, बरणीत चमचे, कढईत घंटा. ही विद्या कुठल्याही फौजी बाईला येते. रद्दी मात्र आप्पांनी वजन करून दिली. साडेअकरा किलो. "तिकडे उघडलंस की नीट घड्या करून ठेव. दिवाळीला येताना घेऊन ये."

"आप्पा, रद्दी बिन्नागुडीहून परत आणू?"

"रिकामी बॅग आणणारच आहेस ना?"

स्कूटरचं प्रकरण 'किंवा'मुळे उद्भवलं. मोटार सरकारच्या खर्चात गेली, मग स्कूटर आमच्या. म्हणून ती रेल्वेने पाठवायची ठरली. पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर गोणपाट, पेंढा आणि सुतळी घेऊन माणसं बसलेली असतात; पाच मिनिटांत ते स्कूटरची अशी ममी करतात की आरसे कुठे होते तेही कळू नये. आरसीची झेरॉक्स लागते आणि टाकी पूर्ण रिकामी लागते. हे शेवटचं आप्पांना आधीच माहीत होतं. ते घरून नळी आणि दोन लिटरची बाटली घेऊन आले होते. पेट्रोल निघालं पाऊण लिटर. भावाच्या मोटारसायकलमध्ये ते ओतेपर्यंत त्यांनी बाटली हातातून सोडली नाही. जमा: पेट्रोल, पाऊण लिटर, भाव त्या दिवशीचा. भावाच्या नावे.

मग क्वार्टर परत करणं. याला आमच्यात मार्चिंग आऊट म्हणतात, जणू आपण बँडच्या तालावर बाहेर पडणार. प्रत्यक्षात एमईएसचा (लष्करी अभियांत्रिकी सेवेचा) माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, नळ, कड्या, काचा मोजतो. जे मोडलं त्याचे पैसे बॅरॅक डॅमेज म्हणून भरायचे. आमचं मोडलं काहीच नव्हतं, फक्त भिंतीवर तीन वर्षांच्या तसबिरींची भोकं होती. भोकात टूथपेस्ट भरायची युक्ती छावणीत सर्वांना ठाऊक आहे. पण भिंत होती पिवळसर आणि टूथपेस्ट पांढरी. आप्पांनी आईकडून चिमूटभर हळद मागवली. वाटीत कालवून, मागे सरून, एक डोळा मिटून त्यांनी छटा जमवली. सत्तावीस भोकं. चित्रकाराला लाजवेल असं काम. यादीवाला माणूस सभ्य होता. त्याने हॉलमध्ये उभं राहून एक दीर्घ श्वास घेतला, म्हणाला, "मॅडम, भिंतीला लवंगेचा वास येतोय," आणि सही केली.

निरोपाची जेवणं मी वहीत येऊ दिली नाहीत. बदली जाहीर झाली की शेवटचे पंधरा दिवस आपल्या घरी चूल पेटत नाही. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, मेसमध्ये डायनिंग आऊट, पलटणीत बडा खाना. आप्पांच्या नजरेत याची बचत भरली होतीच. पण ती सगळी उधारी असते. आपण ज्या गावी जातो तिथून कुणीतरी निघणारच असतं आणि त्यांना जेवायला आपणच बोलावतो. चौदा वर्षांत हे खातं कधी मिटलं नाही, आणि मिटावं असं मला वाटतही नाही.

उरलेले चार दिवस आम्ही घरातले डबे संपवले. भाजणी, नाचणी, अर्धी वाटी साबुदाणा, दोन जातींच्या डाळी आणि कुणी कधी आणला ते न आठवणारा ओट्सचा पुडा. मुलांनी शेवटच्या दिवशी "आज कुठला डबा?" असं विचारलं. 'काय भाजी' हा प्रश्न घरातून गेला होता.

आणि कुरडया. बदल्या मे-जूनमध्ये होतात, कारण शाळांना सुट्टी असते. वाळवणंही मे महिन्यातच होतात. आईने पत्र्याच्या मोठ्या डब्यात कुरडया भरून दिल्या आणि बजावलं, "ट्रकमध्ये द्यायच्या नाहीत. हातातून न्यायच्या." त्यामुळे लग्नातला काचेचा डिनर सेट मोज्यांत आणि रद्दीत गुंडाळून परक्या माणसाच्या हवाली झाला, आणि मी आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये पुण्याहून हावड्यापर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले. हावड्याहून सियालदा, तिथून कांचनकन्या एक्स्प्रेस. सियालदाच्या गर्दीत नवऱ्याने एक मूल धरलं, दुसरं मूल सुटकेसवर बसवलं, आणि डबा माझ्याकडेच. समोरच्या बर्थवरच्या बंगाली बाईंनी शेवटी न राहवून विचारलं की यात काय आहे. कुरडई म्हणजे काय हे मला हिंदीत सांगता येईना. मी 'गेहूँ का' एवढं म्हणाले आणि पुढे हाताने गोल गोल करून दाखवलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

ट्रक नवव्या दिवशी आला. डिनर सेटचा एक कपही फुटला नव्हता. कुरडयांचा डबा मी उघडला तेव्हा आत शेवया होत्या.

पाटा-वरवंट्याने प्रवास उत्तम केला. सध्या तो मागच्या दाराला टेकू म्हणून आहे. इथल्या पावसाने दार फुगतं आणि वाऱ्याने आपटतं. आप्पांना मी 'वापरात आहे' असं कळवलं. घंगाळात तुळस लावली आहे. या सगळ्या सात बदल्यांत मला निखळ, वादातीत अशी एकच बचत आढळली: मुलं केंद्रीय विद्यालयात आहेत आणि केंद्रीय विद्यालयाचा गणवेश दापोडीला होता तोच बिन्नागुडीला आहे. ती वहीत लिहायची राहून गेली.

सामान उघडताना चार दिवस मी जमिनीवर बसून जुनं पुणं वाचलं. बशीभोवती पाणीकपात, चहाच्या किटलीत नाट्यगृहाच्या जाहिराती, आजीच्या फोटोवर लक्ष्मी रोडच्या सेलचं अर्धं पान. रोज संध्याकाळी आप्पांचा फोन यायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते काचेचे वाडगे उघडलेस का? नऊ मार्चचं शब्दकोडं माझ्याकडे अर्धं राहिलंय. दहा मार्चचा अंक त्यातच गेला असणार. आडवे सतरा काय आहे बघ." मी बघितलं. वाडगे अजून बांधलेलेच होते. ते सोडवले, पान सरळ केलं आणि सांगितलं. तिकडे पेन्सिलीचा आवाज आला.

वाहतुकीचं बिल सादर केलं. देशात कुठेही असलो तरी लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब पुण्यातच, गोळीबार मैदानावरच्या कार्यालयात होतात. म्हणजे दोन हजार किलोमीटर दूर आलेल्या सामानाचं बिल परत माहेरच्या गावी गेलं. हे कळल्यावर आप्पा म्हणाले, "मग मीच जाऊन विचारून येतो की. पीएमटीचा पास आहे." त्यांना थांबवायला नवऱ्याला अर्धा तास लागला. शहाण्णव हजार जसेच्या तसे मंजूर झाले. वहीप्रमाणे अनुदानातून अकरा हजार तीनशे चाळीस रुपये उरायला हवे होते. ते नव्या पडद्यांना गेले. बिन्नागुडीच्या खिडक्या आजवरच्या कुठल्याच खिडक्यांशी जुळल्या नाहीत.

तर दापोडीच्या सीएमईत बदली होऊन येणाऱ्या कुणा बहिणीला हे वाचायला मिळालं तर तिच्यासाठी: हॉलचे सहा पडदे, सात फुटी, मोरपंखी, एका कोपऱ्यावर किंचित ऊन लागलेले, तुमच्या खिडक्यांना बरोबर बसतील. निघताना मी ते सदाशिव पेठेत आप्पांकडे ठेवले आहेत. पैसे नकोत. नेताना वहीत सही करावी लागेल.